पातं मिटलेलंच राहू द्या

रंगाच्या डब्याचं झाकण उचकटायचं असतं. हाताशी दुसरं काही नसतं, खिशात चाकू असतो. मग मोठं पातं उघडायचं, त्याचं टोक झाकणाच्या फटीत खुपसायचं आणि जोर लावायचा. झाकण निघतं, पण पुष्कळदा पात्याचं टोकही तुटून जातं आणि चांगला चाकू कायमचा थोटा होतो. वाईट याचं वाटतं की झाकण उचकटायला योग्य असं अवजार त्याच मुठीत मिटून ठेवलेलं असतं. ते कोणी उघडलेलंच नसतं.

खिशातल्या चाकूची ही न उघडलेली बाजू समजावून सांगावी असं बरेच दिवस मनात होतं. उदाहरणासाठी लाल मुठीचा स्विस चाकू घेतो. सह्याद्रीत भटकणाऱ्यांच्या सॅकमध्ये तो दिसतो, परदेशातून आलेल्या भेटवस्तूंमध्येही दिसतो. बहुतेक घरांत त्याचं मोठं पातं तेवढं वापरलं जातं आणि बाकीची अवजारं वर्षानुवर्षं कोरी राहतात.

खरं तर या चाकूचा जन्मच कापण्यापलीकडच्या कामांसाठी झाला. १८८९ मध्ये स्विस सैन्याने श्मिट-रुबिन रायफल स्वीकारली. ती खोलायला स्क्रूड्रायव्हर लागायचा. शिपायांच्या जेवणात डबाबंद पदार्थही होते आणि ते डबे उघडायला काहीतरी हवं होतं. म्हणून सैनिकी चाकूचं १८९० चं मॉडेल ठरलं. त्यात एक पातं, एक डबा उघडायचं अवजार, एक स्क्रूड्रायव्हर आणि भोक पाडायची एक आरी होती. पहिली खेप जर्मनीतल्या झोलिंगेनहून आली, कारण एवढा माल बनवण्याची ताकद तेव्हा स्वित्झर्लंडमध्ये नव्हती. ईबाख या गावात १८८४ पासून स्वतःचा कारखाना चालवणाऱ्या कार्ल एल्झनरने ते काम मनावर घेतलं आणि १८९१ मध्ये सैन्याला स्वदेशी चाकू दिले. पुढे १२ जून १८९७ ला त्याने अधिकाऱ्यांसाठीच्या चाकूची नोंदणी केली. तो वजनाला हलका होता. त्यात छोटं पातं आणि बुचाचा मळसूत्री स्क्रू अशी दोन अवजारं वाढली होती, आणि सगळी मिळून सहा अवजारं फक्त दोन स्प्रिंगांवर चालत होती. आज एल्झनरच्याच व्हिक्टोरिनॉक्स कंपनीचा ९१ मिलिमीटरचा जो चाकू आपण ओळखतो, तो याच घराण्यातला.

अवजारांकडे वळण्याआधी दोन गोष्टी समजून घ्या. त्या कळल्या की कुठे जोर लावावा आणि कुठे लावू नये हे कोणाला विचारावं लागत नाही.

पहिली गोष्ट पोलादाची. लोहार पोलादाला पाणी देतो तेव्हा त्याच्यापुढे नेहमी एकच पेच असतो: जास्त कडक केलं तर धार टिकते पण ते ठिसूळ होतं, मऊ ठेवलं तर वाकतं पण तुटत नाही. कारखान्यातही हाच पेच सोडवावा लागतो. या चाकूच्या पात्याचं पोलाद साधारण अर्धा टक्का कार्बन आणि पंधरा टक्के क्रोमियमचं असतं. ते १०४० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून कडक करतात आणि मग १६० अंशांवर थोडं निववतात. रॉकवेल मापनात पात्याचा कडकपणा ५६ येतो. करवत, कात्री आणि नखांची कानस ५३ वर ठेवतात. स्क्रूड्रायव्हर, डबा उघडायचं अवजार आणि आरी यांना ५२ चं पाणी असतं, तर मळसूत्र आणि स्प्रिंगा ४९ वर थांबतात. म्हणजे एकाच मुठीत चार वेगवेगळ्या पाण्याचं पोलाद आहे. सगळ्यांत कडक पातं आणि सगळ्यांत पातळही तेच, त्यामुळे उचकटायला, पिळायला, टोचायला ते सगळ्यांत नालायक. रंगाच्या डब्यावर टोक का तुटतं याचं उत्तर या आकड्यांत आहे.

दुसरी गोष्ट जोराच्या दिशेची. या आकाराच्या बहुतेक चाकूंना कुलूप, म्हणजे लॉक नसतं. पाठीमागची स्प्रिंग अवजाराच्या बुडावर दाबून बसते आणि तेवढ्याच आधारावर अवजार उघडं राहतं. अवजाराला आणखी उघडायच्या दिशेने रेटलं तर त्याचं बूड स्प्रिंगच्या टोकाला भिडतं. लोखंडाला लोखंड अडतं आणि काही हलत नाही. मिटायच्या दिशेने रेटलं तर मात्र अडवायला फक्त स्प्रिंगचा दाब असतो, आणि तो हार मानतो. मग अवजार खटकन मिटतं आणि तिथे नेमकी आपली बोटं असतात. पात्याच्या पाठीने काही खरवडणं किंवा ठोकणं धोक्याचं का, तर पाठीवर आलेला प्रत्येक दाब पात्याला मिटायला लावतो. धारेच्या बाजूने आलेला दाब ते उघडंच ठेवतो.

आता डब्याचं अवजार घेऊ. हल्ली बऱ्याच डब्यांना ओढायची कडी असते, पण आमरसाचे मोठे डबे, रसगुल्ल्याचे डबे कडीविना मिळतात, आणि कडी असली तरी ती कधीकधी हातात तुटून येते. अवजार पूर्ण उघडा आणि नीट बघा. टोकाला लहानसा चपटा भाग आहे, त्याच्या मागे वाकडी धार, आणि धारेच्या मागे एक खाच. ती खाच डब्याच्या बाहेरच्या काठाखाली अडकवायची, म्हणजे धार काठाच्या आतल्या बाजूला झाकणावर टेकते. आता मूठ वर उचला. काठावर तोलून धार खाली पत्र्यात शिरते. मूठ खाली आणा, अवजार थोडं पुढे सरकवा आणि पुन्हा उचला. एका घासात अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त जायचा मोह टाळा. घास मोठा घेतला की पत्रा फाटतो आणि काठ दातेरी होतो. लहान घासांनी गेलं तर काठ बराच गुळगुळीत येतो आणि हातही दुखत नाही. व्हिक्टोरिनॉक्सचं अवजार पुढे पुढे जातं. वेंगर या दुसऱ्या स्विस कंपनीच्या जुन्या चाकूंचं मागे ओढत जातं. त्यामुळे हातात कोणता चाकू आहे ते पाहून दिशा ठरवा. शेवटचा सेंटिमीटरभर पत्रा कापू नका. झाकण तेवढ्यावर बिजागरीसारखं उभं करा, तेही बोटाने न करता अवजाराच्या टोकाने. डबा उघडताना हात कापतात ते बहुतेक या शेवटच्या क्षणी.

त्याच अवजाराचं टोक म्हणजे तीन मिलिमीटरचा स्क्रूड्रायव्हर. अधिक चिन्हाच्या खाचेचे लहान आणि मध्यम स्क्रूही त्याने फिरतात. ते कसं, हे अनेकांना ठाऊक नसतं. टोक निमुळतं आहे, ते खाचेच्या चार हातांपैकी समोरासमोरच्या दोन हातांत नीट बसतं. रिमोटचं झाकण, मुलांच्या खेळण्यातला बॅटरीचा कप्पा, स्विचबोर्डाची पट्टी, कढईचा हलता कान, घरातली निम्मी किरकोळ कामं याने होतात. एकच पथ्य: फिरवण्याआधी मूठ स्क्रूच्या रेषेत सरळ धरा आणि फिरवण्याइतकाच जोर दाबायलाही लावा. स्क्रूची खाच बिघडते ती दाब कमी पडल्यामुळे.

बाटली उघडायचं अवजार जास्त दणकट आहे, आणि माझ्या मते अख्ख्या चाकूत हेच सगळ्यांत कमी कौतुक झालेलं अवजार. बाटलीचं बूच ते काढतंच, पण त्याचं टोक सहा मिलिमीटर रुंदीचा चपटा स्क्रूड्रायव्हर आहे. रंगाच्या डब्याचं झाकण उचकटायला हवं होतं ते हेच. टोक झाकणाच्या काठाखाली घाला, थोडं उचला, काढा, दोन-तीन सेंटिमीटर पुढे जाऊन पुन्हा थोडं उचला. सगळीकडून एकेक फेरी झाली की झाकण वाकडं न होता निघतं आणि पुन्हा घट्ट बसतं. हे अवजार अर्ध्यावर, म्हणजे काटकोनात अडकून थांबतं, ही सोय मुद्दाम दिलेली आहे. घट्ट बसलेला चपट्या खाचेचा स्क्रू असेल तर अवजार काटकोनात ठेवा. एका हाताने ते स्क्रूवर दाबून धरा आणि दुसऱ्या हाताने मूठ तरफेसारखी फिरवा. सरळ धरून न हलणारा स्क्रू अशाने हलतो. अवजाराच्या बुडाशी जी लहान खाच दिसते ती वायर सोलायची. मेन स्विच बंद करा, वायर खाचेत ठेवा, अंगठ्याने हलके दाबून चाकू वायरभोवती एकदा फिरवा आणि ओढा. वरचं प्लास्टिक निघून येतं, आतली तांब्याची तार शाबूत राहते. पात्याने सोलताना दोन-चार तारा हमखास तुटतात आणि उरलेल्या तारांवर भार वाढून जोड तापतो.

आता आरी. तिच्याविषयी सविस्तर लिहायचंच होतं, कारण हिच्याइतकं उपयोगी आणि हिच्याइतकं न कळलेलं अवजार चाकूत दुसरं नाही. मुठीच्या पाठीतून ती काटकोनात उभी राहते. त्यामुळे मूठ तळहातात आडवी येते आणि दाब सरळ टोकावर जातो. सरळ दाब दिला तर ती मिटत नाही. बाजूला कलंडवली तर मिटू शकते, म्हणून बोटं तिच्या वाटेत ठेवू नयेत. तिची एकच कड धारदार आहे. पट्ट्याला नवं भोक हवं असेल तर पट्टा लाकडाच्या फळीवर ठेवा, टोक रोवा आणि मूठ हलके मागेपुढे फिरवून बघा. ज्या दिशेने कीस निघतो ती तिची दिशा, त्याच दिशेने फिरवत राहा. भोक गोल पडतं आणि चामडं चिरत नाही. हेच पात्याच्या टोकाने केलं तर भोक न पडता चीर पडते आणि ती पुढे फाटत जाते. लाकडात स्क्रू घालण्याआधीचं भोक, झाडाच्या प्लास्टिकच्या कुंडीला पाणी निघायला छिद्र, सगळं हिचं काम.

आणि तिला एक नेढं असतं, बऱ्याच मॉडेलांत. ते शिवणासाठी. ट्रेकवर सॅकचा बंद खांद्यापाशी उसवला, बुटाचा वरचा भाग सुटला, ताडपत्री फाटली, तर हीच आरी वाट काढते. मेण लावलेला जाड दोरा घ्या. तो नसेल तर दात साफ करायचा फ्लॉसही चालतो, तो फार चिवट असतो. दोरा नेढ्यात ओवा. दोन्ही थर एकावर एक धरून आरी आरपार घाला. पलीकडे आलेलं दोऱ्याचं टोक पकडून बाहेर ओढा, शिवणीच्या लांबीच्या दुप्पट तरी. आरी दोऱ्यासह मागे घ्या. झाला पहिला टाका. आता अर्ध्या सेंटिमीटरवर दुसरं भोक: आरी आरपार, मग किंचित मागे. मागे घेतल्याबरोबर पलीकडच्या बाजूला दोऱ्याचा एक फास उभा राहतो. पलीकडचं मोकळं टोक त्या फासातून ओवून घ्या, आरी पूर्ण मागे घ्या आणि दोन्ही बाजूंचे दोरे सारखेच ताणा. दोन्ही दोऱ्यांची अढी कापडाच्या आत, दोन थरांच्या मध्ये बसली पाहिजे. एका बाजूला वर आली तर त्या बाजूचा ताण जास्त झाला असं समजा. असंच पुढे जात राहा, आणि शेवटी दोन टाके उलटे घालून गाठ मारा. शिवणयंत्राची टीप याच तत्त्वावर पडते, तिथे खालचा दोरा बॉबिनमधून येतो एवढाच फरक. या टाक्याचा फायदा असा की एक टाका तुटला तरी शेजारचे सुटत नाहीत. आरी जाड असल्यामुळे तिची भोकं मोठी पडतात. शर्टाला हे शिवण लावू नका. पट्टे, कॅनव्हास, चामडं, सॅकचं जाड कापड यांच्यासाठी ते आहे.

मळसूत्राला आपल्याकडे फारसं काम नाही असं पुष्कळांना वाटतं, कारण बुचाची वाइनची बाटली आपल्या घरात रोज येत नाही. पण भिजलेल्या दोरीची करकचून बसलेली गाठ सोडवायला याच्याइतकं चांगलं काही नाही. पावसाळ्यात तंबूच्या दोऱ्या, बुटाच्या नाड्या, सुतळीने बांधलेले बोजे, सगळ्यांच्या गाठी आवळतात. मळसूत्राचं टोक गाठीच्या दोन पेडांमध्ये घाला, अर्धा फेरा फिरवा आणि हळूच बाहेरच्या दिशेने ओढा. पेड सैल होतो, मग नखाने काम होतं. दोरी कापावी लागत नाही, आणि रानात अखंड दोरीचं मोल काय असतं ते भटकणाऱ्याला सांगायला नको. पोलाद मऊ असल्यामुळे मळसूत्र तुटत नाही, फार तर ताणलं जातं, तेव्हा अतिरेकही करू नये. या मळसूत्राच्या वळशांत बसणारा एक इवला स्क्रूड्रायव्हर मिळतो, काही मॉडेलांत तो सोबतच येतो. चष्म्याच्या दांडीचा स्क्रू त्याने घट्ट होतो. चष्मेवाल्यांनी तो जरूर घ्यावा.

मुठीच्या टोकांत बसणारा चिमटा आणि दातकोरणं ही दोन लहान साधनं. चिमटा काट्यांसाठी. पावसाळा संपता संपता गवताची कुसळं मोज्यांतून पायात शिरतात, करवंदीच्या जाळीत हात घातला की काटा मोडतो. काटा ज्या कोनातून आत गेला त्याच कोनातून ओढायचा, सरळ वर नाही. गोचीड चिकटली असेल तर मात्र कातडीला अगदी लागून, तिच्या तोंडाजवळ चिमटा धरायचा आणि न पिळता सरळ वर ओढायचं. तिच्या पोटावर दाब देऊ नये. दातकोरणं प्लास्टिकचं आहे आणि ते वीज वाहत नाही, म्हणून बंद केलेल्या मोबाइलच्या चार्जिंगच्या खाचेत साचलेला कचरा काढायला सुरक्षित. तिथे सुई घालणारे आपल्या फोनशी वैर करतात.

मोठ्या मॉडेलांत हूक आणि करवत असतात. हुकाचं मुख्य काम सुतळीने बांधलेलं जड पार्सल उचलणं, बोटांत सुतळी रुतत नाही. चुलीवरच्या तापलेल्या भांड्याची तारेची कडी उचलायला आणि जमिनीत घट्ट रुतलेली तंबूची खुंटी उपटायलाही तो चालतो. करवतीची पाठ काटकोनी असते. चकमकीची धातूची कांडी तिच्यावर घासली तर ठिणग्या पडतात आणि पात्याला इजा होत नाही. पण हे करताना दाब पाठीवर येतो हे विसरू नका. करवत एका जागी घट्ट धरून कांडी मागे ओढा.

काही कामं चाकूने करूच नयेत. मिटलेल्या चाकूने खिळा ठोकू नये. अनेक मॉडेलांत वरच्या लाल पट्ट्या प्लास्टिकच्या असतात आणि रिव्हेटच्या डोक्यांवर दाबून बसवलेल्या असतात. दोन ठोक्यांत त्या तडकतात, आणि रिव्हेट ढिली झाली तर अवजारं डुगडुगू लागतात. छिन्नी म्हणून पात्यावर दगड मारू नये. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त नकलांवर या लेखातलं काहीच करून पाहू नये. त्यांच्या पोलादाचा भरवसा नसतो, स्क्रूड्रायव्हरचं टोक पहिल्याच घट्ट स्क्रूला पिळवटतं. खऱ्या चाकूच्या मोठ्या पात्याच्या बुडाशी कंपनीचं नाव कोरलेलं असतं, ते बघून घ्यावं.

देखभाल थोडीच. अवजारं जड उघडू लागली की कोमट पाण्यात चाकू बुडवून सगळी आठ-दहा वेळा उघडमीट करा, पाणी झटका, पूर्ण वाळवा आणि सांध्यांत तेलाचा एकेक थेंब सोडा. औषधाच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन उत्तम, अन्नाला लागलं तरी चिंता नाही. खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल घालू नका, ते पुढे चिकट होऊन धूळ धरतं.

२०२४ च्या मे महिन्यात व्हिक्टोरिनॉक्सचे प्रमुख, पहिल्या एल्झनरचे वंशज कार्ल एल्झनर यांनी सांगितलं की पातंच नसलेली खिशातली अवजारं कंपनी विकसित करते आहे. अनेक देशांत चाकू बाळगण्याचे कायदे कडक होत आहेत हे त्यामागचं कारण. सायकलवाल्यांना, गोल्फ खेळणाऱ्यांना लागणारी अवजारं त्यांच्या बोलण्यात होती. पातं वजा केल्यावरही चाकूत विकत घेण्याजोगं पुष्कळ उरतं, हे ती कंपनीच सांगते आहे आणि मला ते पूर्ण पटतं.

तुमच्या घरात असा चाकू असेल तर आज तो काढा, आरी उघडून नेढं आहे का ते बघा, एखाद्या जुन्या पट्ट्यावर चार टाके घालून पाहा. आणि विमानाने जाणार असाल तर तो केबिनच्या बॅगेत ठेवू नका, चेक-इनच्या सामानात टाका. सुरक्षा तपासणीत सापडलेला चाकू सहसा परत मिळत नाही.